गाडीतलं सिम

“पहिले कागद दाखवा, मंग गाडी.” आमचे मिस्त्री असं म्हणत आणि पुसलेला हात पुढे करत. शहापूरला हायवेलगत माझं स्पेअर पार्टचं दुकान, शेजारी त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं. चोरीच्या गाडीला ते हात लावत नसत. कागद मागितला की गिऱ्हाईक चिडायचं. तुम्हीही चिडला असता.

एका सकाळी करडीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. “भाऊ, उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजून राहिला. बाजारात, दवाखान्यासमोर, कुठंबी.”

कागद बाईंच्याच नावाचा होता. वायरिंगमध्ये दोष सापडेना. मिस्त्रींनी विचारलं, “गाडी घेतली तवा मोबाईल कोणाचा जोडला?”

“नवऱ्याचा. आता मी वरठीले बहिणीकडं राह्यते. लय मारत होता. तरी जाईन तिथं तो हजर होते.”

मिस्त्रींनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. “गाडीत सिम हाये, बाई. तुम्ही कुठं जाता ते त्याले मोबाईलवर दिसते. हॉर्नबी तोच वाजवते.”

बाई तिथंच पायरीवर बसल्या. “मले वाटलं, बहीणच सांगते त्याले. महिनाभर बोलली नाही मी तिच्यासंगं.”

मिस्त्रींनी गाडीच्या कंपनीला फोन लावला. नंबर बदलायचा तर कोड जुन्या नंबरवर, म्हणजे नवऱ्याकडेच जाणार होता. नाहीतर अर्ज करा, वाट पाहा. त्यांनी डॅशबोर्ड उघडला आणि सिमच्या डब्याची पिन काढली. “अपघात झाला तं आता गाडी आपोआप मदतीले कोणाले फोन करणार नाही. चालते का?”

“चालते.”

तिसऱ्या दिवशी नवरा आला; मोबाईलवर गाडीचं शेवटचं ठिकाण मिस्त्रींचंच दुकान होतं. “गाडी मोबाईलवर दिसत काहून नाही?”

“तुमाले कायले दिसाले पायजे? गाडी बाईच्या नावावर हाये.”

त्यानं मिस्त्रींची कॉलर धरली. मिस्त्री जागचे हलले नाहीत. आम्ही शेजारचे चौघं दुकानदार धावलो तेव्हा तो गेला.  त्याच संध्याकाळी बाई आणि त्यांच्या बहिणीसोबत पोलीस ठाण्यात जाऊन त्यांनी जबाब दिला. पुढे कंपनीनं नंबर बदलला.

या हिवाळ्यात मिस्त्री झोपेतच गेले. डॅशबोर्ड उघडलेली एक गाडी आठ दिवस त्यांच्या दारात उभी होती. मालकानं मला विचारलं, “मंग आता कोणाकडं नेऊ?”