डोंगरापलीकडचं अक्षर

आमच्या ह्यांचा धंदा पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तांब्याची तार गुंडाळून भरून द्यायचा, आणि खूळ रेडिओचं. तेही साधं नाही. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. इतक्या खालच्या लहरी की डोंगराच्या पोटातून आरपार जातात म्हणे. पण इतक्या संथ, की एक टिंब यायचं तर तेवढ्यात माझं दूध उकळून निवेल. डोंगरापलीकडे ह्यांचे दोस्त, मास्तर, जमिनीत तारा पुरून जुन्या तारायंत्राच्या भाषेतली टिंबं-रेघा पाठवायचे. इकडे गच्चीवर खाटेएवढी तांब्याची गुंडाळी मांडून हे बसायचे. इतक्या वर्षांत आलं काय? कप्पाळ!

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी कडाडले, "उद्या गच्ची रिकामी झाली नाही, तर हे सगळं भंगारवाल्याला देईन." हे जेवलेच नाहीत. ह्या माणसाचा मला राग राग येतो, पण त्याचं पडलेलं तोंड बघवत नाही.

ठरलं असं की मास्तरांनी मनातलं एकच अक्षर पाठवायचं आणि ह्यांनी ते ओळखायचं. त्याच दिवशी संध्याकाळी गुंडाळीला जोडलेल्या लॅपटॉपवर एक रेघ उमटली, मग टिंब. "अगं, आलं!" हे ओरडले आणि लगेच पांढरे पडले. "आता पाण्याचा पंप लागेल! त्याच्या गुरगुरीत सगळं बुडेल!"

तो पंपही मेला ह्यांनीच भरलेला! मी पदर खोचून खाली धावले, पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला लावली.

जिन्यात सेक्रेटरी आडवे आले. टॉवेल गुंडाळलेला, डोक्याला साबण. "पाणी कुणी अडवलं?"

"मी! अर्धं अक्षर आलंय. भांडायचंय तर वर या."

तणतणत आले. पडद्यावर दुसरी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बघता बघता भांडण विसरले. "थांबली का हो?" हळूच म्हणाले.

"श्शू! वाढतेय."

रेघ पुरी झाली. ह्यांनी मास्तरांना फोन लावला. "रेघ, टिंब, रेघ. म्हणजे इंग्रजी 'के'!"

पलीकडून आवाज आला, "अरे गाढवा, बरोब्बर!" आणि मास्तर चक्क रडायला लागले. हे माझे दोन्ही हात धरून नाचले, परक्या माणसासमोर! मला लाज नाही वाटली. अभिमानाने ऊर भरून आला.

मी किल्ली काढली. "चला, पंप लावते."

सेक्रेटरींनी मला अडवलं. साबण वाळून त्यांचं डोकं पांढरंफटक झालेलं. "थांबा हो वहिनी! मास्तरांना म्हणावं, दुसरं पाठवा."

"आणि उद्या भंगारवाला?"

"उद्या कसला भंगारवाला? उद्या तिसरं अक्षर!"