सात घरं आनि लोनीसायब

रविवारी पावनी मुंबईला परत गेली की सोमवारी बंगला झाडायला घ्यायचा. मंग बघा काय काय घावतं! सोफ्याखाली एकच मोजा. गादीत कंगवा. फ्रीजमधी अर्धी चावल्याली भजी, तीबी वर ताट झाकून! किस्स्यांचं तसंच हाय. मुद्दाम कोन ठिवत न्हाई, पन झाडू फिरवला की ढीग निघतो. आज लोनाच्या कोपऱ्यात झाडू घालते. लय साचलंय तितं.

मी शांता. नाव आईनं चुकून ठिवलं. शाळा चौथीपातुर. पाचवीत मास्तर आनि मी, दोघंबी एकमेकांना कट्टाळलो. भाजे-मळवलीकडच्या बंगल्यांची झाडलोट करनाऱ्या आमी तिघी. मी, माझ्याच वयाची तारा, आनि आमच्यातली कवळी छाया. सांजच्याला मळवली टेसनाभायेरच्या कट्ट्यावर बसायचं, चहा प्यायचा आनि शेटलोकांची उनीदुनी काढायची, ह्यो आमचा क्लब.

छाया आनि तिचा नवरा मिलिंद भाज्यात भाड्याच्या खोलीत ऱ्हायची. मिलिंद लेण्यांच्या पायथ्याला भज्यांची गाडी लावतो. मागचा पावसाळा सरला आनि घरमालक म्हनला, "पुढच्या पावसाळ्याआधी खोली मोकळी करा. हितं होमस्टे काढनार हाय." म्हंजी छाया निजायची तितं आता पावन्यांनी निजायचं, आनि छायानंच यिऊन त्यांच्या चादरी बदलायच्या!

मळवलीत नव्या बिल्डिंगीत एक वन आरके तिनं बघून ठिवला व्हता. सरकारच्या घर-योजनेतलं लोन मिळालं तर ते घर. न्हाईतर भर पावसात बिऱ्हाड डोक्यावर. म्हनून आमी तिघी लोनावळ्याच्या बँकेत गेलो.

* * *

लोनाच्या टेबलावर एक कवळा सायब. तळेगावचा. लोन देतो म्हनून मी त्याचं नाव लोनीसायब ठिवलं. दिसायलाबी तसाच, गोरा, मऊ, आनि जरा आवाज चढवला की वितळायचा.

त्यानं छायाला खुर्ची दिली. गोड आवाजात इचारलं, "छायाताई, सध्या तुमच्याकडं कुठं घर वगैरे आहे का?"

छाया म्हनली, "हायेत की. सात."

"सात?"

"पयली नऊ व्हती. दोन सोडली. तितली कुत्री लय चावरी."

सायबानं पेन खाली ठिवलं. "पक्की घरं आहेत?"

"आता पक्कीच म्हनायची. सगळे बंगलेच हायेत! एकाला तर पवायचा तलावबी हाय."

"अहो, या योजनेत भारतात कुठंही पक्कं घर असून चालत नाही! सात बंगले आहेत, मग तुम्हाला लोन कशाला पाहिजे?"

"सायब, सात घरांत भागत न्हाई वो!"

मी मधी बोलनार व्हते. पन त्याचं तोंड असं झालतं, की म्हनलं जरा बघू द्या. मंग सांगितलं, "सायब, बाई घरं धरती ती भांड्याची आनि फरशीची. नावावर तिच्या फकस्त रेशनकार्ड हाय."

* * *

लोनीसायब म्हनला, "घर नाही हे ठीक. आता स्कोर बघावा लागेल. सातशे पन्नासच्या पुढं असला तर उत्तम."

तारा भायेर यिऊन मला इचारती, "शांते, स्कोर म्हंजी काय गं?"

आता मला इचारायचं म्हंजी तिचीच चूक. मी म्हनलं, "रगतातनं काढत्यात. उपाशीपोटी जायचं. साखर बघायला जातो न्हाई का, तसं."

ताराला तिच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायचा व्हता, तवा तिलाबी लोन पायजे व्हतं. दुसऱ्या दिशी बँक उघडायच्या आत बया पायरीवर हजर. चहाबी घेतल्याला न्हाई. आत गेली, लोनीसायबापुढं बसली, पोलक्याची बाही वर केली आनि हात टेबलावर ठिवला.

"घ्या."

"काय घेऊ, मावशी?"

"रगत."

सायब खुर्चीसकट मागं सरकला! वॉचमन पळत आला. समद्यांनी मिळून तिला समजावलं, की मावशी, स्कोर काँप्युटरात दिसतो, अंगात नसतो. शेवटी तिनं बाही खाली केली. पन जाताना इचारलंच, "मंग किती पायजे म्हनला?"

"सातशे पन्नास."

तारा हुबीच राह्यली. "सातशे पन्नास? माझी तीनशे झालती तवा डॉक्टर बोंबलत व्हता!"

तवापास्नं मला दोन महिनं तिनं चहा पाजला न्हाई.

* * *

छायाचा स्कोर काढला तर निघंनाच. सायब म्हनला, "यांची क्रेडिट हिस्टरीच नाही. कधीच कर्ज घेतलेलं नाही."

छाया ताठ बसली. "कुनाकडनं रुपाया घेतला न्हाई, सायब. उधारीवर मीठबी आनलं न्हाई."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना, ताई!"

बघा आता! जल्मभर पोरीनं कुनापुढं हात पसरला न्हाई, म्हनून तिला लोन न्हाई. मी म्हनलं, "सायब, हिष्टरी पायजे का तुमाला? आमच्या भाज्याला या. दोन हजार वर्सांची हिष्टरी हाय डोंगरात. भिक्खूंनी कातळ फोडून घरं केली, पक्की! त्यांचा स्कोर किती व्हता त्ये बघा काँप्युटरात."

सायब हसला. मंग मिलिंदचा स्कोर काढला. मिलिंदला हिष्टरी व्हती, पन ती नसती तर बरं झालं असतं. मोटरसायकल घेतलती हप्त्यावर, आनि हप्ते पावसात भजी खपत्याल तसे भरले. पाऊस न्हाई, हप्ता न्हाई.

"मिलिंदराव, तुमचा स्कोर पाचशेच्या आत आहे."

मिलिंदचं तोंड फुललं. "बारावीला एवढे बी नव्हते! पास हाय का मंग?"

* * *

पन लोनीसायब मानूस चांगला. त्यानं कागदावर लिवून दिलं. मिलिंदनं मोटरसायकलीचं थकल्यालं आधी भरायचं. आनि छायानं कायतरी बारकी वस्तू हप्त्यावर घ्यायची, हप्ता टायमाला भरायचा, की स्कोर तयार व्हतो.

छायानं मिक्सर घेतला.

समदी आळी बघायला आली. एकजन म्हनली, "ह्यात स्कोर कसा करायचा गं?" मी म्हनलं, "डाळ घालायची न्हाई. नुस्ता हप्ता घालायचा आनि झाकन दाबून धरायचं."

पन छायानं मिक्सर खोक्याभायेर काढलाच न्हाई! म्हनली, "मोडला तर स्कोर पडल." खोकं फळीवर, बाबासायबांच्या फोटूच्या खाली, वर टॉवेल घातल्याला. चटनी पाट्यावरच.

आनि हप्त्याच्या दिशी सकाळीच ती दुकानात जाऊन हुबी ऱ्हायची. दुकानदार म्हनायचा, "अहो बाई, पैसे खात्यातनं आपोआप कटतात. तुम्ही कशाला येता?"

"कटू द्या की. मी कटताना बघायला आले."

* * *

मंग उत्पन्नाचा पुरावा. सायब मिलिंदला म्हनला, तुमचं कायतरी दाखवा. दुसऱ्या दिशी त्यानं पेपरात बांधून गरम कांदाभजी आनली आनि टेबलावर ठिवली. "ह्यो पुरावा. खाऊन बघा, खोटं असल तर सांगा."

लोनीसायबानं हिकडं तिकडं बघितलं. एक खाल्लं. दुसरं खाल्लं. मंग हळूच म्हनला, "हे फाईलला लावता येत नाही हो." पन तोवर लावायला काय उरलंच नव्हतं!

छायाच्या पगारासाठी सायबानं तिच्या मोठ्या बंगल्याच्या शेटला फोन लावला. स्पीकरवर. "आपल्याकडं छाया म्हणून कामाला आहेत ना?"

शेट म्हनला, "छाया? हमारे यहाँ कोई छाया नहीं है."

छायाचं तोंड एवढंसं झालं. किती वर्सं त्याची फरशी पुसती ती! सायब फोन ठिवनार, तेवढ्यात मी घेतला.

"शेट, तुमच्या बंगल्याची किल्ली कुनाकडं हाय?"

"वो बाई के पास."

"त्या बाईचं नाव छाया. आठवत नसल तर ऱ्हाऊ द्या. किल्ली कुरियरनं धाडून दिऊ का?"

"अरे नको, नको! बहुत अच्छी बाई है! लेटर लिखता हूँ, आज लिखता हूँ. पगार कितना लिखूँ?"

छाया म्हनली, "देतात तेवढाच लिवा म्हनावं."

मी म्हनलं, "देता तेवढा नगं शेट, द्यायला पायजे तेवढा लिवा!"

लोनीसायब ओरडला, "मावशी, फोन द्या इकडं!"

* * *

समदं जमत आलं, आनि मिलिंद आडवा आला. सायबानं सांगितलं, "या योजनेत घरावर बाईचं नाव लागतंच. आपण छायाताईंच्या नावावर करू, त्यांचा स्कोर छान झालाय."

मिलिंद म्हनला, "घर तिचं. मंग मी कोन?"

"तुम्ही सहअर्जदार."

"म्हंजी?"

"म्हंजी भज्यासंगती तळल्याली मिरची," मी म्हनलं. जरा जास्तच लागलं त्याला. सही न करताच उठला. म्हनला, लोकं काय म्हनत्याल, बायकूच्या घरात ऱ्हातो.

आबाळ भरून यायचे दिवस. घरमालकानं खोलीला रंग द्यायला मानूस आनून दाखवला. बिल्डर रोज फोन करतोय. छाया चहाबी पीना. नुस्त्या किल्ल्या मोजत बसायची.

मी गेले मिलिंदच्या गाडीवर. "मिलिंद, तू काय टेन्शन घिऊ नगंस, बाबा. सायब म्हनला, सहअर्जदार नवराच पायजे असं काय न्हाई. त्या नव्या बिल्डिंगीतला वॉचमन तयार झालाय. पोरगा लय चांगला. सडाफटिंग हाय, आनि स्कोर आठशे!"

मिलिंद तसाच सुटला. गॅस मी बंद केला, तो केव्हाच मोटरसायकलीवर. बँकेत हातात झारा घिऊनच शिरला. सही करताना तेलाचा थेंब कागदावर पडला. लोनीसायब म्हनला, "अहो, झारा तरी ठेवून यायचं!"

लोन पास झालं. त्या आठशेवाल्या वॉचमनला मिलिंद अजून हुडकतोय. त्या बिल्डिंगीला वॉचमनच न्हाई!

* * *

पयल्या सरी यायच्या आत छाया नव्या घरात गेली. बुद्धवंदना झाली, खीर झाली. लोनीसायब आलता, त्यानं दोन वाट्या खीर खाल्ली. त्या दिशी मिक्सर खोक्यातनं भायेर निघाला. ताराच्या हातनं बटन दाबलं, आनि त्याच्या आवाजानं ताराच किंचाळली.

पन त्याच्या पुढचा सोमवार मला इसरता येत न्हाई.

मी आनि तारा कट्ट्यावर बसलो व्हतो. छाया आली. पदर खोचल्याला, घाम आल्याला, हातात किल्ल्यांचा जुडगा. बसली, चहा सांगितला.

तारानं इचारलं, "झाली का गं समदी घरं?"

"झाली. आठवं आत्ताच केलं. फरशी पुसली, खिडक्या लावल्या, गॅस बंद केला, भायेरनं कुलूप घातलं आनि आले."

"आता कुटं?"

"आता काय, घरी..."

म्हनली आनि थांबली. जुडग्यात नवी किल्ली व्हती, चकचकीत, तिच्याकडं बघत राह्यली. तारानं कप खाली ठिवला.

तेवढ्यात छायाचा फोन वाजला. मिलिंद. एवढ्या मोठ्यानं वरडत व्हता, की पल्याडच्या फलाटावरची मानसं हिकडं बघाया लागली.

"आगं, भायेरनं कुलूप कुनी लावलं? मी मोरीत आंघोळ करत व्हतो! कपडे समदे भायेर वाळत घातल्यात तू, मी टॉवेलवर हुबा हाय!"

छायाचा एक डोळा हसतोय, एक रडतोय. मी तिच्या हातनं फोन घेतला.

"कोन, मावशी? मावशी, पाया पडतो, तिला किल्ली घिऊन धाडा!"

"धाडते की, बाबा. पयला स्कोर सांग."