विमानाची वाकडी पट्टी आणि माझी सांडशी

महायुद्धातलं एक लढाऊ विमान मी सांडशीने बिघडवलं आहे. शत्रूला जे जमलं नव्हतं, ते मी शिरा वाढता वाढता केलं.

तेव्हा मी साठीची, म्हणजे पोरसवदाच, आणि जगाला शिस्त लावायचा मला भारी सोस. कॅल्गरीला मुलाकडे राहायला आले होते. मुलगा-सून ऑफिसात, नात डेकेअरमध्ये, आणि बेसमेंटच्या पडद्यांनासुद्धा इस्त्री करून झालेली. शेजारी एक म्हातारा वैमानिक राहायचा. कुंपणापलीकडून माझी ही दशा बघून तो मला शनिवारी आपल्या हँगरवर न्यायला लागला. तिथे काही निवृत्त मंडळी ते जुनं विमान उडतं ठेवत. मला पुसायचं काम मिळालं. मी ते देव घासावेत तसं घासलं.

वैमानिकाचा सगळा जीव त्या विमानात. पण पंच्याहत्तरी जवळ आलेली, आणि लेक फोनवर सारखी ‘डॅड, इनफ’ म्हणायची. शेवटी त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं, की ज्या दिवशी विमान वळवायचा दांडा धरून हात थकेल, त्या दिवशी विमान एखाद्या तरुणाच्या हवाली.

अशात दसरा शनिवारी आला. मुलाच्या गाडीची, बर्फ काढायच्या शोव्हलची, डिशवॉशरची पूजा आटोपून मी शिऱ्याचं पातेलं आणि ते धरायला सांडशी घेऊन निघाले. वाटेत मुलाचा फोन.

“आई, हँगरमध्ये उदबत्ती लावू नकोस. तिथे पेट्रोल असतं.”

“मला काय वेडी समजतोस?”

“समजत नाही गं, ओळखतो.”

उदबत्ती नाही लावली. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. स्वस्तिक काढणार होते, पण हे विमान कुणाशी लढलं होतं ते वेळेवर आठवलं. तेवढी अक्कल होती. ती तिथेच संपली.

पंखाच्या मागच्या कडेला टोकाकडे एक हलणारी झडप असते. दोन्ही पंखांच्या झडपा एक वर, एक खाली झाल्या की विमान कुशीवर वळतं. डाव्या पंखाच्या झडपेला काठावर पत्र्याची एक चिंचोळी पट्टी होती, आणि ती किंचित वर वाकलेली. उजवीकडची मात्र सरळ. सणासुदीला असलं वाकडं कोण ठेवतं? मी तिच्यावर फडकं गुंडाळलं, सांडशीने धरली, सरळ केली आणि वर कुंकवाचं बोट लावलं.

सगळ्यांनी शिरा खाल्ला. वैमानिक उडाला, आणि नेहमीपेक्षा लवकर परतला. उतरला तो मनगट चोळत.

“सारखं डावीकडे कलत होतं,” तो म्हणाला. “दांडा उजवीकडे रेटून धरायचा, आणि वेग वाढवावा तसा आणखी जड. विमान तेच आहे. म्हणजे मीच संपलो.”

हातमोजे त्याने मेकॅनिक बाईच्या हातात ठेवले आणि गाडीकडे चालू लागला. ही बाई माझ्याच वयाची, तोंडाने माझ्याहून तिखट. ती थेट पंखामागे गेली.

“इथे रक्त कुणाचं?” तिने विचारलं.

“कुंकू आहे ते,” मी म्हणाले.

“आणि पट्टी सरळ कुणी केली?”

“वाकली होती.”

“मी वाकवली होती. परत परत उडवून बघत, केसभर केसभर.”

मग तिने मला, नातीला समजावतात तसं, समजावलं. या विमानाचा डावा पंख मुळातच जरा खाली पडतो. वर वाकलेल्या पट्टीवर वारा आपटला की झडप खाली दाबली जाते आणि पंख उचलून धरते. वैमानिकाच्या हाताला काही करावं लागत नाही. “तू ती सरळ केलीस. वाऱ्याचं काम त्याच्या मनगटावर आलं.”

ग्रोसरीच्या दुकानात एका बाजूला ओढणारी कार्ट मिळाली, की पैसे देईपर्यंत हात भरून येतात ना, तसं. फक्त ही कार्ट ढगांतून चालली होती.

मी धावले. साडी, वर विंटर जॅकेट, हातात रिकामं पातेलं, अशी त्याच्या गाडीपुढे उभी राहिले. त्याने काच खाली केली.

“तुमचा हात ठीक आहे,” मी म्हणाले. “मी वाकडं होतं ते सरळ केलं.”

हे वाक्य त्याला कळायला बराच वेळ लागला.

मेकॅनिक बाईने सांडशी जप्त केली, आपल्या हत्याराने पट्टी पुन्हा वाकवली आणि कुंकूही पुसलं. तो पुन्हा उडाला. मी खाली उभी, पण देवाचं नाव घेतलं नाही. त्या दिवसापुरती पूजा पुरे झाली होती.

बऱ्याच वेळाने तो उतरला. बाईच्या हातातून आपले हातमोजे काढून घेतले आणि दांडा कसा धरला होता ते तिला दोन बोटांनी दाखवलं. मग माझ्याकडे आला. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

“मॅडम,” तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात माझी पंच्याहत्तरी, लायसन्ससाठी पुन्हा कार चालवायची टेस्ट आहे. तोवर प्लीज माझ्या गाडीची पूजा करू नका.”