नदीत उतरायची वाट

माझ्या थोरल्या भावाने लिलावातून एक निकामी रुग्णवाहिका घेतली आणि तिचं घर केलं. दादा शिरूरजवळच्या एका कंपनीत कामाला होता. तिथं आलेल्या कुणा गोऱ्या साहेबाने त्याला आपल्या सुट्टीचे फोटो दाखवले. साहेबाच्या देशात म्हणे माणसं गाडीतच गादी, शेगडी, भांडी टाकून निघतात आणि ओसाड मुलखातून जुन्या, बंद पडलेल्या खाणी बघत आठ-आठ दिवस हिंडतात. दादाच्या डोक्यात ते जे बसलं ते निघेना. दोन महिन्यांत त्याने गाडीत प्लायवूडचा पलंग, गॅसची शेगडी, फुलाफुलांचे पडदे आणि एक टेबलफॅन बसवला. बाहेरून पांढरा रंग मारला, पण जुनी लाल फुली त्यातूनही डोकावत राहिली.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, यात हौस कसली तेच कळेना. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, घोड्यावर बिऱ्हाड लादून. "आमी हिंडायचो तवा लोकं काठ्या घिऊन अंगावर यायची," ते म्हणाले, "आन् तुमी पडदं लावून हिंडणार व्हय?" मेंढरं विकून त्यांनी निमोण्यात घर बांधलं होतं आणि खाली दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला, दीड एकराचा तुकडा घेतला होता.

या गाडीतून आम्ही काढलेल्या पहिल्या सहलीचं खरं कारण तो तुकडाच. तिथं काठ इतका उंच, की ट्रक नदीत उतरवायचा तर आमच्याच रानातून. वाळूच्या ठेकेदाराला ती वाट हवी होती. कागद तयार होता, गाडीच्या कप्प्यात होता, आबांची सही तेवढी राहिली होती. दिवसभर म्हाताऱ्याला हिंडवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि शेवटी रानात नेऊन सही घ्यायची, असा दादाचा बेत. मला पुण्याहून मुद्दाम बोलावलं, कारण आबा शिकलेल्याचं ऐकतात असा घरात समज होता. मी कॉलेजात शिकवायचो. पर्यावरणाचा नवा पेपर कुणीच घेईना म्हणून तो माझ्या गळ्यात पडला होता आणि नद्यांवरच्या माझ्या नोट्स मुलांना आवडायच्या. सही व्हावी असं मलाही मनापासून वाटत होतं. ठेकेदार देणार त्या पैशांतल्या माझ्या वाट्यात पुण्यातला फ्लॅट बसत होता.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही चौघं निघालो. दादा, वहिनी, आबा आणि मी. न्हावरं मागे पडलं, वहिनीने पाणी मागितलं आणि तेव्हा कळलं की गाडीत सगळं आहे, पाणी नाही. टेबलफॅनची आठवण ठेवणारा माणूस कळशी विसरला होता. पण चूक त्याच्या एकट्याची नव्हती. नदीकाठाने जाताना पाणी बरोबर घ्यायचं, हे आमच्या घराण्यात कुणी केलंच नव्हतं. वाळूत हातभर खड्डा करायचा, पाझरलेलं गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायचं, तिसऱ्यांदा येतं ते नितळ. याला झिरा म्हणतात. आबा तर खूशच झाले, सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्याजोगं काम निघालं होतं. गाडी नदीकडं घ्या, म्हणाले.

नदीकडचा रस्ता वाळूच्या ट्रकांनी पार खाऊन टाकला होता. प्रत्येक खड्ड्याला वहिनीचं एक पातेलं माझ्या डोक्यात पडायचं. आम्ही पात्राजवळ पोचलो, तर तिथं ट्रक भरण्याचं काम जोरात चाललं होतं. आमची पांढरी गाडी बघून त्यांना वाटलं तहसीलचं पथक आलं. फावडी टाकून सगळे पळाले, एक ड्रायव्हर तर इंजिन चालू ठेवून उसात शिरला. दादाला हा मान भलताच आवडला. पुढच्या ठिकाणी त्याने लांबूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

सगळे पळाल्यावर आबा त्या मोकळ्या पात्रात उतरले. तिथं खड्ड्याला खड्डा लागलेला. गुडघे टेकून त्यांनी हाताने उकरायला घेतलं, पण खाली वाळू नव्हतीच, काळा चिखल होता. हितं नसंल, फुडं बघू, म्हणाले. पुढे हिरवं पाणी साचलेलं, त्यावर डिझेलचा तवंग. तिसऱ्या ठिकाणी तर नदीचा खडकच उघडा पडला होता. आबा दर ठिकाणी सांगत, हितं आमची मेंढरं बसायची, हितलं पानी गोड. वहिनीने शेवटी नुसत्या दुधाचा चहा केला. तो पिऊन तहान आणखी वाढली. केडगावला थांबून पाण्याची बाटली घेऊ, असं मी सुचवलं, तर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुपार कलता कलता आमच्या तुकड्यावर पोचलो. आबा दरड उतरून खाली गेले, मागोमाग आम्ही. तिथं मात्र वाळू होती तशीच होती, पाय घोट्यापर्यंत रुतत होता. आबांनी कोपरभर उकरलं आणि पाणी पाझरायला लागलं. दोनदा त्यांनी ते उपसून टाकलं. तिसऱ्यांदा आधी सुनेला दिलं, मग मला, आणि दादा तर पालथा पडून प्यायला. इतकं चांगलं पाणी मी नंतर कधी प्यायलो नाही.

पाणी पिऊन दादा उठला, ओल्या मिशा पुसल्या आणि वर जाऊन कागद घेऊन आला. माझ्या भावाला मी त्या दिवशी मानलं.

आबांनी कागद हातात घेतला नाही, मला वाचायला सांगितला. वर्गात वाचतो तसा मी तो मोठ्याने वाचला. ठेकेदाराला आमच्या रानातून वाट, मुदत पात्रातील वाळू संपेपर्यंत.

"वाळू सपल्यावं पानी कुठनं काढायचं, ते लिवलंय का त्यात?" आबांनी विचारलं.

पानं दोनच होती. तरी मी ती पुन्हा उलटून बघितली. "नाही," म्हणालो.

"मग तेवढं लिवून आणा. म्या सही करतो."

दादा त्याच कागदाने वारा घेत बसला. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आबांचा राग आला. परतीच्या वाटेवर आबा त्या प्लायवूडच्या पलंगावर घोरत होते.

पुढे आबा चार-पाच वर्षं होते. ते होते तोवर आमच्या रानातून एकही ट्रक नदीत उतरला नाही.

ते गेले त्याच वर्षी ठेकेदार नवा कागद घेऊन आला. मजकूर तोच, फक्त आता दोघा भावांच्या सह्या हव्या होत्या. दादाने पेन उघडलं, पुन्हा टोपण लावलं आणि माझ्याकडे सरकवत म्हणाला, आधी तू कर. मी केली.