दुपारचा पाणबुड्या

उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली म्हणून तिला सगळे हॅलोबाई म्हणत. एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला, बाई निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा तिच्या गठ्ठ्यावर खडूने 'हॅलो' एवढंच लिहायचा.

या हॅलोबाईने एके दिवशी दूरगावी राहणाऱ्या लेकीला फोन लावला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "मला कॉम्प्युटरवर तो पाणबुड्या हवाय."

"कोण पाणबुड्या?"

"अगं, तुझ्या व्हिडिओ गेममधला. मोती गोळा करणारा. शिवणयंत्राच्या खणात इलॅस्टिक शोधत होते, तर त्याची कॅसेट हाताला लागली."

"आई, तो गेम मी महिनाभरसुद्धा खेळले नाही. तुला तो कशाला आठवतोय?"

"असंच. गंमत," बाई म्हणाली आणि विषय बदलला.

गंमत कसली! लेकीचं म्हणणं खरं होतं. वाढदिवसाला हट्ट करून घेतलेलं ते यंत्र तिने चार दिवस डोक्यावर घेतलं, मग पोहण्याचा नाद लागला आणि यंत्र टीव्हीखाली धूळ खात पडलं. हॅलोबाईची तेव्हा पहाटेची पाळी असे. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंगल, आणि लोकांची बोलणी खाणं. लाइन लागली नाही की जणू हिनेच कापली, अशा थाटात माणसं अंगावर यायची. दुपारी घरी येई तेव्हा लेक शाळेत, नवरा छापखान्यात. घर गप्प. अशाच एका दुपारी धूळ पुसताना तिने ते यंत्र सुरू केलं. काय होतं ते बघावं, एवढ्यापुरतं.

एक इवलासा माणूस समुद्रात उडी मारी. खाली गुहा, गुहेत मोती. वाटेत जेलीफिश आणि खेकडे. मोती उचलायचा आणि छातीतला दम संपायच्या आत वर यायचं. मागे टुणटुण वाजणारं एक गाणं. ते तिच्या कानात जे शिरलं ते शिरलं. पुढे कित्येक वर्षं दुपारचा तो तास पाणबुड्याचा झाला. शेजारीण समजायची बाई झोपते. बाईनेही तो समज कधी मोडला नाही. घरात तर ब्रही काढला नाही. एवढी घोडी झालेली बाई टीव्हीसमोर मासे चुकवत बसते, हे सांगणार कसं? आणि का सांगायचं? दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर तेवढं एक तिचं एकटीचं होतं.

मग एक दिवस यंत्रातून जळका वास आला आणि ते कायमचं गेलं. लेक तोवर कॉलेजात. नवं घ्या म्हणायचं तरी कोणासाठी? काही दिवसांनी यंत्र जागेवर दिसेना. नवऱ्याने भंगारात दिलं असेल, असं समजून ती गप्प बसली.

तर आता ही कॅसेट. बाईने ती लेकीला पाठवली. लेकीच्या ऑफिसातल्या एका हौशी माणसाकडे कॅसेट वाचणारं उपकरण होतं. त्याने तिची फाइल करून दिली. लेकीने ती मेलवर धाडली आणि इम्युलेटर नावाचा प्रोग्राम कुठून घ्यायचा तेही सांगितलं.

"म्हणजे काय करतो तो?"

"सोंग घेतो गं. कॉम्प्युटर त्या जुन्या यंत्राचं सोंग घेतो. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

पण सोंग सहजासहजी वठेना. पहिल्यांदा पडदा काळा ठिक्कर. लेकीने फोनवर चित्राची एक सेटिंग बदलायला लावली, तेव्हा समुद्र दिसला. पण दिसला तो मुका. आवाज सुरू केला तर गरम तेलात पाणी पडावं तसा तडतड. कुठल्याशा 'बफर'चा आकडा वाढवल्यावर तडतड थांबली. मग बाजारातून हातात धरायचा कंट्रोलर आणला, तर वरचं बटण दाबलं की पाणबुड्या खाली आणि खालचं दाबलं की वर. एकेक बटण नव्याने ओळखून द्यायचं होतं, ते बाईने स्वतःच केलं. वायरी योग्य भोकात घालण्यात तिची हयात गेली होती. ती कशाला घाबरते!

नवरा तिथेच, शेजारच्या खोलीत पेपर वाचत असे. तो छापखान्यातला निवृत्त मशीनमन. बातमी कमी आणि छपाई जास्त वाचायचा. बायको कॉम्प्युटरशी काय झटापट करते आहे, हे त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

शेवटी सगळं जमलं. बाई खुर्चीत सावरून बसली, उडी मारली, आणि पहिल्याच गुहेत मेली. पुन्हा उडी, पुन्हा तेच. जेलीफिश कधी अंगावर येई ते कळतच नव्हतं. एके काळी अकराव्या गुहेपर्यंत पोचणाऱ्या तिला आता दुसऱ्या गुहेचं तोंड दिसेना.

"वय होतं, आई," लेक फोनवर हळूच म्हणाली. "हात मंदावतात. मनाला लावून नको घेऊस."

बाईने मनाला लावून घेतलं. आठवडाभर ती रोज बसली, रोज बुडाली. असं वाटलं की पूर्वी दुपारी जी बाई तिथे बसायची ती दुसरीच कोणी होती आणि ही तिची नुसती ओळखीची. एका दुपारी तिने ठरवलं, पुरे झालं, टाकावं हे काढून. माऊस हातात घेतला.

"पळतंय ते," शेजारच्या खोलीतून नवरा म्हणाला.

"काय पळतंय?"

"गाणं. पूर्वी एवढं धावत नव्हतं."

बाईचा हात जागच्या जागी थांबला. "पूर्वी म्हणजे? तुम्ही कधी ऐकलंत?"

पेपर घडी केल्याचा आवाज आला. मग तो दारात येऊन उभा राहिला. "छापखान्याच्या भागातली वीज गेली की आम्हाला लवकर सोडायचे. जिना चढून यायचो, तर आतून हे गाणं. मला वाटलं, लेक शाळा बुडवून बसलीये. खिडकीतून बघितलं तर तू. जमिनीवर मांडी ठोकून, जीभ बाहेर काढून."

"काहीतरीच! जीभ?"

"ही एवढी."

"मग आत का नाही आलात?"

"आलो असतो तर तू उठून चहा टाकला असतास."

हॅलोबाईने माऊस सोडला.

"मग जायचात कुठे?" तिने विचारलं.

"खाली बाकावर. गाणं थांबलं की वर." तो खुर्ची ओढून बसला. "ते बिघडलं तेव्हा दुरुस्तीवाल्यांकडे घेऊन हिंडलो मी. लेक रडतेय म्हणून सांगायचो. कोणाला जमलं नाही. शेवटच्याने तर ते परतही दिलं नाही, हरवलं म्हणाला."

"आणि मला वाटलं, भंगारात दिलंत."

"तू विचारलंस कुठे?"

मग त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला. छपाईचं यंत्र जरा जलद चाललं की नुसत्या आवाजावरून ओळखणारा तो माणूस. ठेका संथ होता. बाईने डोळे मिटले आणि गाणं त्यावर बसवून पाहिलं. सूर तेच, पण लय ही. हीच!

तिने लगेच लेकीला फोन लावला. लेक आधी हसली, मग विचारात पडली. थोड्या वेळाने तिचाच उलटा फोन आला. "आई, ते बरोबर म्हणताहेत. काही देशांत टीव्ही सेकंदाला साठ चित्रं काढायचे, काही ठिकाणी पन्नास. आपलं जुनं यंत्र पन्नासवालं. हा प्रोग्राम साठ धरून बसलाय. सेटिंगमध्ये 'रीजन' बघ, तिथे बदल."

बाईने बदललं. समुद्र उघडला आणि गाणं वाजू लागलं, दुपारसारखं, सावकाश. तिचे खांदे आपोआप खाली आले. पाणबुड्याने उडी मारली, पहिली गुहा, दुसरी, तिसरी. बोटांना सगळं पाठ होतं, तिलाच माहीत नव्हतं.

"त्या माशाला हात लागला तर काय होतं?" नवऱ्याने विचारलं.

"बोलू नका."

सातव्या गुहेत मेली. "तुमच्यामुळे!"

"मी कुठे बोललो आता?"

"श्वास मोठ्याने घेतलात."

दुसऱ्या दिवसापासून त्यालाही खेळायची हुक्की आली. त्याचा पाणबुड्या खाली जायचा तो मोत्याच्या नादात वर यायचंच विसरायचा, आणि मेला की हा गेम चालू आहे, लबाड आहे, म्हणून कुरकुरायचा. हॅलोबाई पोट धरून हसायची. तिला मात्र अकरावी गुहा काही गाठता आली नाही. लेकीचं वयाबद्दलचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नवव्या गुहेत डाव्या बाजूला एक लाल खेकडा आहे. सध्या तिथे अडलंय.