राखणदाराच्या दारातला पाम

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही, आणि ते तर रोज नर्सरीत माझ्या शेजारीच बसायचे. रडणं-बिडणं मला जमत नाही, तेव्हा सरळ सांगते. सरळ — म्हणजे जमेल तितकं.

शेणव्याच्या रस्त्याला आमची नर्सरी. नव्वदनंतर मुंबईची माणसं मुरबाडकडे फार्महाउस बांधू लागली आणि सगळ्यांना एकाएकी पंखा पाम हवे झाले. सरळसोट खोड, वर उघडलेल्या पंख्यासारखी पानं. रोप लावून ते वाढायची वाट कोण बघतो? आम्ही दोन-तीन पुरुष उंचीची तयार झाडं ट्रकने आंध्रातून आणायचो, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधलेला.

टोकावड्याजवळच्या एका बंगल्याला फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी पाम लावायचे होते. वास्तुशांत तोंडावर आलेली. झाडं उतरवली, आणि एकाचा बुंधा माझ्या अंगठ्याखाली दबला. आतून कुजलेला. शेंडा मात्र हिरवागार. ते झाड परत पाठवायचं — एवढंच करायचं होतं ना? मी त्या जागी शेणमाती लिंपली आणि वरून चुना-गेरूचे पट्टे ओढले. आपल्याकडे रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला ओढतात. कोण खरवडून बघणार?

तुम्ही म्हणाल, धंद्यात होतं असं. थांबा — कबुली ही नाही.

कबुली जागेची आहे. तो पाम कधी ना कधी पडणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मालकांची गाडी उभी राहते त्या ओळीत मी तो लावला नाही. ओळीतलं अंतर थोडं वाढवलं आणि उरलेला पाम मागे नेला. राखणदाराच्या खोलीशी.

राखणदार बुधाजी आणि त्याची बायको सखू, जवळच्याच वाडीतली. जमिनीचा तुकडा नसलेली माणसं. सखू हरखली. "बाय, आमच्या दारात पन लावला गो!"

"सायबीण झाली आता," बुधाजी म्हणाला. "उद्या मला इचारंल, कोन पायजे तुमाला?"

सखूने ओलं गोणपाट त्याच्या अंगावर भिरकावलं. मीही हसले. हसू शकले.

मग दोन वर्षं भीतीत काढली. वारा सुटला की इकडे शेणव्यात मी हातातलं काम टाकून बाहेर यायचे. पाणी नीट घालतात का ते बघायचं, असं निमित्त काढून एसटीने टोकावड्याला जायचे, खोडावर टकटक करायचे. दर खेपेला आवाज जास्त पोकळ. सखूने त्याला कपड्यांची दोरी बांधली होती. "लय जीव तुमचा या झाडावर," ती म्हणायची. मी दर खेपेला ठरवायचे — आज सांगते, काढून टाकू म्हणते. पण मग तिने विचारलं असतं, मग हितं का लावला? त्या प्रश्नाला मी भ्यायचे. झाडाला भ्यायचे त्याहून जास्त. अजून काय सांगू?

वैशाखातल्या एका दुपारी वावटळ उठली. सखू दोरीवरचे कपडे काढायला धावली, आणि पाम बुंध्यातून मोडून तिच्या कमरेवर आला. ती वाचली. पुन्हा उभी राहिली नाही.

मी दवाखान्यात गेले. मला बघून तीच बोलली, "माजीच चूक, बाय. दोरी मी बांधली. ओढ बसून पडला, नाय?"

बुधाजी माझ्याकडे बघत होता. बोलायला दुसरी कुठली वेळ हवी होती मला?

मी म्हणाले, "हो. झाडाला अशी दोरी बांधायची नसते."

बुधाजीने मान वळवली — तिच्याकडे. "सांगत व्हतो तुला," तो म्हणाला. सखूने डोळे मिटून घेतले. मी पिशवीतली केळी तिच्या उशाशी ठेवली आणि निघाले.

सखू अजून आहे. वाडीत, खाटेवर. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती माझं ते वाक्य सांगते, असं कानावर येतं. माझं नाव घेऊन सांगते. म्हणते, बायला झाडांतलं कळतं.