टाकीवाल्यांचा कॉम्प्रेसर

वसाहतीत सगळे त्यांना टाकीवाले म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी गावाच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवला, आणि त्या एकतीस वर्षांत एकच गोष्ट सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता. टाकी केवढी आहे ते विचारू नका, पंप तासाला पाणी किती चढवतो ते विचारा. मोठी टाकी रिकामी व्हायला जरा जास्त वेळ लागतो, एवढंच तिचं मोठेपण.

अशा माणसाने हवेचा कॉम्प्रेसर टाकी बघून घ्यावा, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण तसं झालं.

निमित्त होतं ताईच्या गाडीचं. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची नोकरी नर्सची, आणि वीस वर्षं त्याच गाडीतून ती घरोघर बाळंतपणं करत फिरली. टाकीवाले गाडी चालवायला शिकले तेही त्याच गाडीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिची बोलणी खात. त्यांची स्वतःची गाडी कधी झालीच नाही. गेली अकरा वर्षं ही गाडी त्यांच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

एके दिवशी ताईने फर्मान काढलं. "एक तारखेला भंगारवाला येतोय. त्याआधी गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या दोन्ही लोखंडी पट्ट्या शाबूत आहेत असं दाखव, गाडी तुझी. गंजावर रंग फासून दाखवलास तर बघ. मला उघडं लोखंड दिसलं पाहिजे."

हातात सव्वा महिना होता. गंज आणि जुन्या रंगाचे थर तारेच्या ब्रशला दाद देईनात, कोपऱ्यांत तर ब्रश शिरतच नव्हता. म्हणून टाकीवाले हवेच्या जोराने खडे मारून गंज उडवणारा सँडब्लास्टर बघायला गेले.

दुकानातली बाई जाणकार होती. पेटीसारखा सँडब्लास्टर सुट्या भागांसाठी ठीक, गाडीच्या तळाला दाबाचं भांडं असलेलाच घ्या, असं तिने सांगितलं. नदीची वाळू वापरू नका, तिची धूळ फुप्फुसात बसते, असं म्हणून तिने बारीक खड्याची पोती आणि तोंडावरचा मुखवटा काढून ठेवला. मग त्याला हवा पुरवायला दोन कॉम्प्रेसर दाखवले. किंमत सारखीच. एकाची टाकी बुटकी, शंभर लिटरची. दुसऱ्याची दोनशेची, लालभडक.

"काका, बुटका घ्या. मिनिटाला हवा जास्त देतो."

"पण साठा?" टाकीवाले म्हणाले.

"साठ्याचं काय करायचंय तुम्हाला?"

टाकीवाल्यांनी लाल टाकीवर बोटाने टिचकी मारली, तिचा घुमलेला आवाज ऐकला आणि पैसे मोजले. मोठ्या टाकीपाशी आयुष्य गेलं होतं, मन तिकडेच ओढलं गेलं.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं झकास काम झालं. मग दाब उतरला, भांड्यातले खडे नळीत अडकले आणि नळीच्या टोकाच्या तोटीतून नुसती फुसफुस सुरू झाली. चार मिनिटं टाकी भरायची वाट, नळी झटकणं, पुन्हा दोन मिनिटं. तासाभरात मोटार तापून बंद पडली. दहा दिवसांत एक हातभर पट्टी साफ झाली.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, लोकांना काय सांगत होता तुम्ही इतकी वर्षं?"

टाकीवाले नळी झटकत राहिले.

"परत करून या."

"खडे भरलेला कोण परत घेईल? आणि त्या बाईसमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मग बसा टाकीशी गप्पा मारत."

ते खरंच टाकीशेजारी स्टूल टाकून बसले. दाबाचा काटा हळूहळू चढताना बघत असताना त्यांना पंपावरची टंचाईची वर्षं आठवली. पंप मोठा करणं त्यांच्या हातात कधीच नव्हतं. तेव्हा ते काय करायचे? गावाचा नळ बारीक करायचे. पाणी कमी यायचं, पण खंड पडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. "लहान भोकाची तोटी आहे का?"

बाईने दोन मिलिमीटरची दिली. "खडे चाळून घ्या, नाहीतर अडकतील." लाल टाकीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. त्याचं त्यांना जास्त लागलं.

त्यांनी खडे पिठाच्या चाळणीने चाळले. त्यावरून घरात जे झालं ते वेगळंच. पण बारीक तोटीने धार तुटेना. वीतभर, वीतभर करत लोखंड उघडं होत गेलं. अर्धा तास काम, अर्धा तास मोटारीला विश्रांती. शेवटचा तुकडा एक तारखेला सकाळी संपला.

ताई काठी टेकत आली. पाठोपाठ भंगारवाला. गाडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. टाकीवाल्यांनी हातोडी पुढे केली. "तूच ठोक."

ताई खुर्चीवर बसली आणि वाकून डावी पट्टी ठोकत गेली. खणखण वाजली. उजवीही वाजली. चालकाच्या पायांपाशी पत्र्यात तळहाताएवढं भोक होतं. टाकीवाल्यांनी ते बुजवलं नव्हतं, उलट खडूने गोल केला होता.

"हे काय?"

"भोक. पट्टीत नाही, पत्र्यात आहे. ठिगळ मारता येईल."

ताईने त्यात बोट घालून बघितलं. "ओल्या चपलांनी बसायचे मी. माझंच काम हे."

भंगारवाला म्हणाला, "ताई, मग वजन करायचं ना?"

"पट्टी वाजलेली ऐकलीस ना? तो लाल डबा हवा असेल तर बघ."

"कॉम्प्रेसर द्यायचा नाही," टाकीवाले घाईने म्हणाले. "अजून दारं राहिलीत."

भंगारवाला आपला टेम्पो रिकामाच घेऊन गेला. उघडं लोखंड फार वेळ ठेवून चालत नाही, म्हणून टाकीवाल्यांनी अस्तराच्या रंगाचा डबा उघडला. ताईने खुर्ची पुढे सरकवली. "दुसरा ब्रश आहे का रे?"

"आहे. पण पातळ लाव."

"मला शिकवू नकोस. तू आधी टाकी न बघता कॉम्प्रेसर घ्यायला शिक."